विसरखोलीतली आई

डॉ. तन्मयी ढगे रोज दुपारी तीन ते सहा काय करतात, हे गावातल्या कॉलेजच्या सगळ्या पोरापोरींना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डॉ. तन्मयी ढगे यांना.

तीन वाजता त्या दवाखान्याच्या मागच्या बोळातून एका खोलीपाशी जात, नाकात औषधाचा फवारा मारत आणि आत शिरत. सहाला बाहेर येत. मधल्या तीन तासांत कोण आलं, काय बोललं, कोण रडलं, यातलं काहीही त्यांच्या डोक्यात उरत नसे. घसा कोरडा पडलाय म्हणजे आपण बरंच बोललो असणार, एवढाच काय तो अंदाज. पोरं त्यांना मागून चाळणबाई म्हणत, कारण यांच्यात ओतलेलं काही म्हणता काही राहत नाही. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

डॉक्टर म्हणून अहोजाहो ठीक आहे. पण ही गोष्ट तिच्यातल्या आईची आहे, तेव्हा आपण तिला नुसतं तन्मयीच म्हणू.

त्या औषधाचं नाव विसरी आणि त्या खोलीचं नाव विसरखोली. सरकारनं प्रत्येक तालुक्याला एक खोली आणि एक डॉक्टर नेमून दिला, त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती. सोलापूरच्या अलीकडच्या या गावात ते काम तन्मयीकडे आलं. अशा खोलीची गरज का पडली, हे समजायला जुन्या दिवसांत डोकावावं लागेल. तन्मयी स्वतः पंधरा-सोळा वर्षांची होती, तेव्हा त्या वयाच्या मुलामुलींना एकच आजार होत असे, तो म्हणजे पोटदुखी. पाळीची भीती असो, शरीरात होणाऱ्या बदलांची लाज असो, कुणाशी जवळीक झाल्यावर लागलेला घोर असो, डॉक्टरांपुढे सगळं पोटदुखी होऊनच यायचं. सोबत आई असायची. डॉक्टर मुलीला विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. "तुम्ही जरा बाहेर बसता का?" असं डॉक्टरांनी म्हटलं, की आईचा चेहरा असा व्हायचा, की पुढचा आठवडाभर त्या मुलीची धडगत नसे. बरं, आई बाहेर गेली तरी मूल तोंड उघडायचं नाही. हेच डॉक्टर परवा काकाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेले असायचे. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही ते ऐकायचं नसायचं. ते पोट दाबून बघायचे, दोन गोळ्या लिहून द्यायचे आणि मनातल्या मनात सुटलो म्हणायचे.

डॉक्टर कुणाला सांगणार नाहीत, हे मुलांना पटत असे. त्यांना भीती असायची ती डॉक्टरांच्या नजरेची. आपलं सगळं जाणणारा माणूस भाजीच्या गाड्यावर समोर यावा आणि त्यानं "काय रे, अभ्यास काय म्हणतो?" असं विचारावं, यापेक्षा पोटदुखी परवडली. म्हणून शेवटी असा डॉक्टर काढावा लागला, ज्याला ऐकता येतं, सांगता येतं, उपचार करता येतात आणि नंतर काहीच आठवत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर खोलीतूनच, मुलाला सोबत घेऊन, मदतीसाठी फोन लावायचा असा नियम होता. बाकी सगळं मुलाचं मुलाकडे.

तन्मयीची शाळेतली मैत्रीण आर्या आवटे एकदा सहा वाजताच दवाखान्यात येऊन बसली. हातात भरल्या वांग्यांचा डबा होता. आर्या कामाशिवाय वांगी करत नाही, हे तन्मयीला तिसरीपासून माहीत होतं.

"माझा चिंतामण येतो ना गं तुझ्याकडं?" आर्यानं विचारलं.

त्या काळात पणज्या-पणजोबांची नावं पुन्हा फॅशनमध्ये आली होती, त्यामुळे वर्गात चिंतामण आणि गोदावरी, आणि त्यांच्या आया मात्र आर्या आणि तन्मयी, असा उलटा मामला होता.

"येत असेल. मला कसं कळणार?"

"मला वेड्यात काढू नकोस हां. तीन तास तिथं बसतेस आणि एक शब्द आठवत नाही?"

"तू दूध विरजतेस ना? विरजण लावलं की लगेच दही होतं का?"

"लगेच कसं होईल?"

"डोक्यात तसंच असतं. आपण जे बघतो, ऐकतो, ते आधी दुधासारखं पातळ असतं. मेंदूचा एक छोटासा भाग असतो, कानाच्या आत खोलवर, तो ते हळूहळू लावतो. त्याला तासभर तरी लागतो. मग त्याची आठवण होते. विसरी काय करते, तर ते लागूच देत नाही. मी आत पूर्ण शुद्धीत असते. शिकलेलं सगळं आठवत असतं, तू माझी मैत्रीण आहेस हेही आठवत असतं. फक्त आत नवीन घडलेलं काही लागत नाही. सहा वाजता दूध सांडून जातं."

"आणि फवारा मारायचा राहून गेला, तर?"

"नंतर तासाभरात मारला तरी चालतो. अजून लागलेलं नसतं ना. तो मागचा तासही पुसून जातो. पण न मारता आत जायचंच नसतं. डॉक्टरकीचा परवाना जातो."

आर्यानं डब्याच्या झाकणावर बोटानं रेघोट्या ओढल्या. "म्हणजे काही म्हणता काही उरत नाही?"

"मनात एक चव उरते. आनंद झाला, राग आला, धसका बसला, याची जागा मेंदूत वेगळी असते, तिथं विसरी चालत नाही. परवा बाहेर आले तर आपलं उगीच हसू येत होतं. रात्री जेवतानाही हसतेय. कशाचं ते विचारू नकोस."

"तरीपण तूच ऐकतेस," आर्या म्हणाली. "जन्म मी दिला. आजारपणं मी काढली. मला तो फक्त 'भूक लागली' एवढंच सांगतो. आणि तुझ्यासमोर बसून तास तास बोलतो. मी जळते बघ तुझ्यावर. खरंच सांगते, जळते."

तन्मयीनं तिची समजूत काढली, चहा पाजला, वांगीही ठेवून घेतली. पण आपल्यावर कुणी जळतंय, हे तिला आतून सुखावून गेलं. गावातल्या कितीतरी आया तिच्याकडे त्याच नजरेनं बघत. माझ्या मुलीचं तसं नाही, असं तिला वाटत असे. तिची गोदा अकरावीत होती आणि तिच्याजवळ सगळं बोलत होती, निदान तन्मयीचा तसा समज होता.

तो समज एका गुरुवारी संध्याकाळी ओट्याशी मोडला. तन्मयी भाकरी थापत होती आणि गोदा शेंगदाणे सोलत होती.

"आई, मी आज तुझ्याकडं आले होते," गोदा म्हणाली.

"दवाखान्यात? मला दिसली नाहीस ती?"

"मागच्या दारानं आले."

मागचं दार विसरखोलीचं होतं. तन्मयीचा हात भाकरीवर तसाच राहिला. "कशासाठी?"

"ते तुला सांगायचं असतं तर तिकडं कशाला आले असते?" गोदानं हे इतकं सहज म्हटलं, की त्यात दुखावण्याचा हेतू शोधूनही सापडला नसता. "तू विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं. काळजी करण्यासारखं काही नाही. तीच म्हणाली तसं."

"ती कोण?"

"खोलीतली."

"खोलीतली म्हणजे मीच ना?"

गोदानं दाण्यांची फोलपटं फुंकली आणि जरा विचार केला. "दिसायला आहे तुझ्यासारखी," ती म्हणाली.

भाकरी करपली. तव्यावर धूर झाला तेव्हा कुठे तन्मयीचं लक्ष गेलं.

त्यानंतर गोदा दर गुरुवारी, कॉलेज सुटल्यावर, पहिल्याच नंबराला मागच्या दारानं येऊ लागली. ती लपवतही नसे. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा असायचा. गाणं गुणगुणायची, आपणहून ताटं घ्यायची. तन्मयी तिच्याकडे बघत राहायची. या पोरीला इतकं खुलवणारं माणूस आपणच आहोत आणि ते बघायला आपणच हजर नाही, असा तो विचित्र प्रकार होता.

तिनं प्रयत्न करून पाहिले. रविवारी गोदाच्या पलंगावर जाऊन बसली. "बोल ना गं काहीतरी," म्हणाली. गोदा म्हणाली, "काय बोलू?" आणि मग दोघी छताकडे बघत बसल्या. तन्मयीनं मुद्दाम आपल्या कॉलेजातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली, जी तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. गोदानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "ही तू मला सांगितलीयस. तिकडं." तन्मयीला कानफटात बसल्यासारखं झालं. म्हणजे तिची ठेवणीतली गोष्टसुद्धा त्या बाईनं आधीच देऊन टाकली होती!

एका गुरुवारी ती सहाला बाहेर आली, तर तिच्या कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर ओल वाळल्याचा डाग होता आणि त्याला जास्वंदीच्या तेलाचा वास येत होता. ते तेल तन्मयी घरीच करायची आणि गोदाशिवाय ते कुणी लावत नसे. म्हणजे पोरगी या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. गोदानं तिला शेवटची मिठी कधी मारली होती? दहावीच्या निकालाच्या दिवशी, तीही घाईघाईत. तन्मयी बाथरूमचं दार लावून कितीतरी वेळ स्वतःच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. तिला स्वतःच्या खांद्याचा मत्सर वाटला. आर्या आवटेचं जळणं यापुढे काहीच नव्हतं. निदान तिला भांडायला समोर दुसरी बाई तरी होती.

नवरा पार्थ मिश्कील माणूस. गावात त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "स्वतःलाच सवत मानणारी जगातली तू पहिली बाई असशील."

"हसू नकोस."

"मग काय करू? पोरगी चांगल्या डॉक्टरकडं जातेय. डॉक्टर आपल्या घरातलीच आहे. फुकटात काम होतंय."

"तिला माझ्यापेक्षा ती आवडते, पार्थ."

"कोण ती?" पार्थनं विचारलं.

दोन गुरुवार तर फारच वाईट गेले. त्या दोन्ही दिवशी खोलीतून बाहेर आली ती छातीत जळजळ घेऊन. तिला कशाची तरी भयंकर लाज वाटत होती आणि त्या लाजेला ना आगा होता ना पिछा. तिनं तेही सवतीच्या खात्यावर टाकलं. त्या बाईनं आत गोदाला आणखी जवळ केलं असणार आणि आपल्याला मागे हे जळणं तेवढं उरलंय, अशी तिनं मनाची समजूत घातली. दोन्ही रात्री गोदा मात्र आईच्या तोंडाकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता तन्मयी मागच्या बोळातून निघाली. हातात विसरीची बंद कुपी होती. वाटेत तिला लिंबाखाली लावलेली गोदाची जांभळी सायकल दिसली. कॅरिअरला दप्तर अडकवलेलं होतं, म्हणजे पोरगी धावतच आत गेली होती. इतकी घाई! घरी हाक मारली तर चार हाकांनंतर येते. तन्मयी दारापाशी पोहोचली, कुपीचं टोपण तिनं अंगठ्यानं चाचपलं, आणि काय झालं कोण जाणे, कुपी तशीच बंद खिशात टाकून आत गेली. माझी मुलगी आहे, तिचं मला कळलंच पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. परवाना गेला तर जाऊ दे.

खोली साधीच होती. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, पडद्यामागे तपासणीचं टेबल. गोदा खुर्चीत मांडी घालून बसली होती. तिनं तन्मयीकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "फवारा मारला नाहीस आज."

"असं कसं म्हणतेस? मारला ना."

"नाही मारलास. ती आत येते तेव्हा मला बघून हसते. 'आलीस गं बाई!' म्हणते. दर वेळी तिला पहिल्यांदाच भेटल्यासारखं होतं. तू आत आलीस ती चोरासारखी."

तन्मयी खुर्चीत बसली. खोटं रेटण्यात आता अर्थ नव्हता. "हो, नाही मारला," ती म्हणाली. "गोदे, मला सहन होत नाही गं. तू त्या बाईला सगळं सांगतेस आणि मी घरी तुझ्या तोंडाकडं बघत बसते. मला ते हवंय. जे तिला देतेस ते मला दे. हवं तर बाहेर जाऊन माझी तक्रार कर. पण मी हे पहिल्यांदाच केलंय, शपथेवर सांगते."

"तिसऱ्यांदा," गोदा म्हणाली.

"काय?"

"हे तिसऱ्यांदा आहे, आई. दर वेळी तू हीच शपथ घेतेस." गोदाच्या आवाजात राग नव्हता, आणि तन्मयीला तेच फार झोंबलं. "दाराशी येऊन सायकल बघतेस आणि तिथंच ठरवतेस. मग आत तासाभराच्या आत फवारा मारतेस, म्हणून ते ठरवलेलंही पुसून जातं."

"मी मारते? मी का मारीन? मला तर हे ऐकायचं असतं!"

"ऐकून झाल्यावर मारतेस."

तन्मयीला ते खरं वाटेना. "तू मारायला लावत असशील," ती म्हणाली. "तुला तुझी ती परत हवी असते."

"मी? पहिल्यांदा तर मी तुझा हात धरला होता. 'राहू दे ना आई, लक्षात राहू दे,' म्हणाले. तू हात सोडवून घेतलास." गोदानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुसऱ्यांदा नाही धरला."

मग तन्मयीनं खिशातली कुपी काढून मधल्या टेबलावर ठेवली, आपल्यापासून लांब, गोदाच्या बाजूला. "या वेळी नाही," ती म्हणाली. "सांग."

गोदानं सांगितलं. हजेरी द्यावी तसं, फार चढउतार न करता सांगितलं, कारण तिला आता पाठ झालं होतं. तिला मुलगे आवडत नाहीत. आधी वाटलं, आवडतील हळूहळू, नाही आवडले. वर्गातली सगुणा तिला आवडते, मैत्रीण म्हणून आवडते त्याच्या पलीकडे. सगुणालाही ती आवडते. दोघींनी एकमेकींना ते सांगितलंय. रात्र रात्र झोप लागायची नाही, आपल्यात काही बिघाड आहे का असं वाटायचं, म्हणून ती पहिल्यांदा मागच्या दारानं आली होती.

तन्मयीनं पाण्याचा जग उचलला आणि न ओतताच खाली ठेवला. डॉक्टर म्हणून तिला यात नवं काहीच नव्हतं. हा आजार नाही, बिघाड नाही, काहींना उंची जास्त मिळते तसं काहींचं मन असं असतं, हे तिनं शाळाशाळांतून पालकांना सांगितलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. अशा लग्नांना कायद्यानं मान्यता देऊनही बरीच वर्षं झाली होती. पण कायदा राहतो सोलापूरच्या कोर्टात आणि नणंद राहते समोरच्या गल्लीत.

"बाळा," ती म्हणाली, "या वयात असं वाटू शकतं. घाई नको करूस. थोडं थांबून बघू..."

"पुढं आत्याचं नाव घेशील," गोदा म्हणाली.

तन्मयीच्या जिभेवर तेच होतं. ते तिनं गिळलं. "नाही घेत," म्हणाली. "सगुणा म्हणजे तीच ना, मोठ्यांदा हसते ती? आपल्याकडं शेंगापोळ्या खाऊन गेली होती?"

"तीच."

"छान आहे मुलगी," तन्मयी म्हणाली आणि तिला मनापासून बरं वाटलं. थोडा वेळ तर सगळं फार सुरेख चाललं. तिनं विचारलं, गोदानं सांगितलं. सगुणा गणितात कशी कच्ची आहे, भांडण झालं की कशी आधी बोलायला येते. गोदा एकदा हसलीसुद्धा. हे हसू माझ्यासाठी आहे, त्या बाईसाठी नाही, असं तन्मयीला वाटलं आणि कित्येक आठवड्यांचं जळणं जरा निवलं.

मग तिला रविवार आठवला. रविवारी नणंदेची वास्तुशांत होती. सगळं गणगोत जमणार होतं. गोदाला नव्या साडीत बघून कुणीतरी म्हणणारच, की पोरगी मोठी झाली, आमच्या नात्यात एक मुलगा आहे बघा. त्यावर सगळ्या हसतील आणि आपल्यालाही हसावं लागेल, आतलं सगळं माहीत असताना. पार्थला सांगायचं की नाही? सगुणाची आई तर दर महिन्याला ब्लडप्रेशर तपासायला येते, तिच्या दंडाला पट्टा बांधताना कुठं बघायचं? आणि हे एका रविवारपुरतं नव्हतं. सोमवारी असणार होतं, दिवाळीत असणार होतं, म्हातारपणी असणार होतं. खोलीतल्या बाईला यातलं काही म्हणजे काही उचलावं लागत नव्हतं. सहा वाजले की तिची सुटका. तन्मयीला तिचा इतका हेवा वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. कुपी हातभर अंतरावर होती.

गोदाला ती नजर ओळखीची होती. तिनं कुपी उचलली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"तसं नाही गं," तन्मयी घाईघाईनं म्हणाली. "फक्त ही वास्तुशांत होऊ दे. चारचौघांत माझ्या तोंडावर दिसलं तर तुलाच त्रास होईल. नंतर तू मला घरी सांग. नीट, निवांत. मी तेव्हा ऐकेन. सांगशील ना?"

"सांगेन."

"आधीच्या दोन्ही वेळा मी काय कारण दिलं होतं?"

"राहू दे," गोदा म्हणाली.

तन्मयीनं टोपण मोडलं आणि दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. डोळे मिटून मागे टेकली. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, तेव्हा काही बदललेलं नव्हतं. समोर तीच मुलगी होती आणि तिनं सांगितलेलं सगळं अजून लख्ख आठवत होतं. फक्त रविवार आता दुसऱ्या कुणाचा तरी झाला होता. नणंद, नवरा, सगुणाच्या आईचा दंड, सगळं त्या दुसरीच्या गळ्यात पडलं होतं. तन्मयीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि तिला मोठ्यांदा हसू आलं.

"अगं वेडे, तिकडं काय बसलीस? इकडं ये," ती म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि गोदाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझं ऐक. तुझ्यात कसलाही बिघाड नाही. मघाशी मी घाबरले, तो माझा भित्रेपणा होता, तुझा दोष नव्हता. कुणी काही म्हणालं तर मी बघून घेईन. आत्यालाही बघून घेईन. मला तुझा अभिमान वाटतो गं, गोदे. इतकी धीट पोरगी माझ्या पोटी कशी आली?"

गोदानं डोकं तिच्या डाव्या खांद्यावर टेकलं. याचसाठी ती थांबली होती.

"आणि सगुणाला घरी आण जेवायला," आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "मैत्रीण म्हणून नको, सांगूनसवरून आण. बाबांशी मी बोलते. शेंगापोळ्या करते."

"कधी आणू?"

"उद्याच आण!"

"हो, आणते," गोदा म्हणाली.

आई अगदी मनापासून बोलत होती, एवढं गोदाला कळत होतं. उद्या आपण स्वयंपाकघरात गेलो, तर तिथं आपला डबा भरणारी, हिच्याच तोंडवळ्याची बाई काय विचारेल, हेही कळत होतं. ती बाई विचारेल, तुझं माझ्याशी बोलायचं का बंद झालंय, त्या खोलीतलीमध्ये असं काय आहे, जे माझ्यात नाही?

"एक सांगू?" आई कुजबुजली. "घरातल्या त्या बाईला सांगू नकोस हं. मी जळते तिच्यावर. तिला तू रोज दिसतेस."

गोदानं खांद्यावरून डोकं उचललं नाही. "तिला मी कुठं दिसते?" ती म्हणाली.